थेरगाव : कोनशिला नसलेले दान

चिंचवडगावात मोरया गोसावींच्या समाधिमंदिरापासून नदीकडे उतरले, की पवनेचे पात्र समोर येते आणि पैलतीरावर थेरगाव दिसते. पावसाळ्यात धरणातून विसर्ग वाढला की मंदिराचा परिसर पाण्यात जातो आणि काठावरची माणसे पाणी किती चढले ते पाहत उभी राहतात. एरवी नदी शांत असते. थेरगावच्या बाजूला केजूबाईचे मंदिर, तेथील बंधारा आणि महापालिकेचा बोट क्लब आहे. सुटीच्या दिवशी लेकुरवाळी कुटुंबे तेथे येतात आणि अंधार पडेपर्यंत रेंगाळतात.

काही दशकांपूर्वी हे शेतीचे गाव होते. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. मागोमाग मोटारी, दुचाकी आणि यंत्रे घडवणारे कारखाने आले. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे एका बाजूला चाकण आणि दुसऱ्या बाजूला हिंजवडी वाढत गेली. या वाढीच्या मधोमध थेरगावचा डांगे चौक येतो. चिंचवडहून हिंजवडीकडे जाणारा रस्ता आणि औंध-रावेत रस्ता येथे एकमेकांना छेदतात. सकाळी कंपन्यांच्या बसगाड्या, शाळेच्या व्हॅन आणि टेम्पो एकाच वेळी चौकात शिरतात. आतल्या रस्त्यांवर किराणा, भांडी, कापड, हार्डवेअर आणि विद्युत साहित्याची दुकाने उघडू लागतात. त्यांतील कितीतरी पेढ्यांवरची आडनावे जैन समाजाला घरची वाटावीत अशी आहेत. नगर, बीड, शिरूर या बाजूंनी आलेली ही कुटुंबे कामगार वस्तीबरोबरच येथे स्थिरावली. गिऱ्हाइकाची वही आणि मुलाची शाळा, दोन्हींचा हिशेब एकाच गल्ल्यावर बसून ठेवणारी ही माणसे.

शाळा हा या परिसरातील व्यापारी समाजाच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. नदीपलीकडे चिंचवडला श्री जैन विद्या प्रसारक मंडळाचे फत्तेचंद जैन विद्यालय स्वातंत्र्यपूर्व काळापासूनची परंपरा सांगते. थेरगावात गणेशनगरला क्रांतिवीर चापेकर स्मारक समितीचे खिंवसरा पाटील विद्यामंदिर आहे. यांखेरीज महापालिकेच्या शाळा आहेत आणि कमानीवर रंगीत फलक असलेल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळाही आहेत. जुन्या शाळांच्या भिंतींवर पांढऱ्या संगमरवरावर देणगीदारांची नावे कोरलेली असतात. कोणी खोली दिलेली असते, कोणी पाण्याची टाकी, तर कोणी प्रयोगशाळा. या पाट्यांकडे कौतुकानेच पाहिले पाहिजे. त्या नसत्या, तर कामगारांच्या आणि दुकानदारांच्या कित्येक मुलांना बसायला छप्पर मिळाले नसते.

मात्र छप्पर मिळाल्यानंतरचा प्रश्न वेगळा आहे. त्याचे उत्तर शोधताना थेरगावातल्याच एका मैदानाकडे पाहावे लागते.

महापालिकेच्या या मैदानावर दिलीप वेंगसरकर यांच्या नावाची क्रिकेट अकादमी चालते. जुन्या सांगवीचा ऋतुराज गायकवाड याच अकादमीत घडला आणि पुढे भारतीय संघात पोहोचला. त्यामुळे ‘कोच’ हा शब्द थेरगावात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. कोच स्वतः फलंदाजी करत नाही. तो नेटच्या बाजूला उभा राहतो, मुलाचा पाय कोठे पडतो ते पाहतो, चेंडू गेल्यावर दोन शब्द सांगतो आणि पुढचा चेंडू पुन्हा पाहतो. बॅट विकत घेऊन देणे सोपे असते. ती हातात कशी धरायची, हे रोज पाहणारा माणूस मिळणे कठीण असते. क्रिकेटच्या बाबतीत हे सत्य प्रत्येक पालक मान्य करतो आणि त्यासाठी शुल्कही मोजतो. शाळेतील शिक्षकाच्या बाबतीत मात्र ते कोणाच्या ध्यानात येत नाही.

दिव्यांग मुलांच्या शिक्षणाची वाट महाराष्ट्रात जुनी आहे. १८८५ मध्ये मुंबईत कर्णबधिरांसाठी देशातील पहिली शाळा निघाली. १९३४ मध्ये पुण्यात अंध मुलांसाठी शाळा व वसतिगृह उभे राहिले. या विशेष शाळांमागे दानशूरांचे हात होते आणि त्या शाळांची गरज आजही संपलेली नाही. नंतर विचार बदलत गेला. मूल जेथे राहते तेथल्या शाळेत, शेजारच्या मुलांबरोबर का शिकू नये, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. १९७४ मध्ये केंद्राने एकात्म शिक्षणाची योजना आणली. १९९४ मध्ये स्पेनमधील सालामांका येथे ९२ देशांच्या प्रतिनिधींनी सर्वसाधारण शाळा सर्व मुलांसाठी खुल्या करण्याचा जाहीरनामा स्वीकारला. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. त्यांत स्वमग्नता आहे आणि वरून न दिसणारी अध्ययन अक्षमताही आहे. याच कायद्याने शासकीय व मान्यताप्राप्त शाळांवर समावेशक शिक्षणाची जबाबदारी टाकली.

म्हणजे कायद्याने दार उघडले आहे. आत काय घडते, हे शाळेच्या शेवटच्या बाकावर बसल्यावर कळते.

थेरगावसारख्या वस्तीतील एखादा वर्ग डोळ्यांसमोर आणावा. कोणाचे घर मराठवाड्यातले, कोणाचे विदर्भातले, कोणाचे उत्तर प्रदेशातले. घरात एक भाषा, शाळेत दुसरी. शिक्षिका मेहनती आहेत. त्यांच्यापुढे पोषण आहाराच्या नोंदी आहेत, सर्वेक्षणे आहेत, ऑनलाइन माहिती भरण्याची घाई आहे. अशा वर्गात एक मुलगा ‘घ’ आणि ‘ध’ यांत गोंधळतो, फळ्यावरचे वहीत उतरवताना ओळ हरवतो. एका मुलीला बाजूची घंटा वाजली तरी कान झाकावेसे वाटतात. तिसऱ्या मुलाला ऐकू कमी येते, पण तो मान हलवत असल्याने कोणाच्या लक्षात येत नाही. ही मुले हजेरीपटावर आहेत. शाळेने त्यांना नाकारलेले नाही. तरीही चौथी-पाचवीपर्यंत त्यांतला एखादा ‘आळशी’ ठरतो, एखादी ‘हट्टी’ ठरते आणि हळूहळू त्यांचे शाळेत येणे कमी होते. कोणी त्यांना काढून टाकत नाही. ती आपोआप गळतात.

शिक्षिकेला याची बोच नसते असे नाही. दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला त्या गेलेल्या असतात. तेथे पडद्यावर चांगल्या गोष्टी दाखवलेल्या असतात. परंतु सभागृहातले ज्ञान वर्गात आणताना वाटेत सांडते. अमेरिकेतील ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अभ्यासकांनी १९८० च्या दशकात हेच मांडले होते. नुसत्या प्रशिक्षणाने शिक्षकाच्या शिकवण्यात फारसा बदल होत नाही. प्रशिक्षणानंतर वर्गात सोबत मिळाली, तर बदल टिकतो. समावेशक शिक्षणाचा कोच ही सोबत देण्यासाठी असतो.

त्याचे काम वरून पाहणाऱ्याला अगदी साधे वाटेल. आठवड्यातून एक-दोन दिवस तो शाळेत येतो आणि मागे बसून तास पाहतो. तास संपल्यावर शिक्षिकेबरोबर पंधरा-वीस मिनिटे बोलतो. दोष काढत नाही, एखादीच गोष्ट सुचवतो. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला शिक्षिकेचा चेहरा उजेडात दिसेल असे बसवायचे. फळ्यावरची दहा गणिते एकदम न देता तीन-तीन द्यायची. दिवसभरात काय काय होणार, हे चित्रांच्या पट्टीवर सकाळीच दाखवायचे, म्हणजे अचानक बदलाने बावरणारी मुलगी सावरते. ज्याला लिहिता येत नाही, त्याचे उत्तर तोंडी ऐकायचे. पुढच्या आठवड्यात कोच पुन्हा येतो, काय जमले आणि काय फसले ते पाहतो. कधी स्वतः तास घेऊन दाखवतो आणि शिक्षिका मागे बसून पाहतात.

या गोष्टींचा लाभ एकट्या दिव्यांग मुलाला होत नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झडला. त्या वादातून एक गोष्ट सर्वांना कळली. मराठीत एककाचा उच्चार आधी आणि लिहिताना दशक आधी, हा उलटा क्रम लहान मुलांना खरोखर अडखळवतो. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलासाठी जी वाट सोपी करावी लागते, ती वर्गातल्या आणखी दहा मुलांनाही हवी असते. दुकानाच्या पायरीशेजारी चाकाच्या खुर्चीसाठी उतार केला, तर त्यावरून आजोबाही चढतात आणि मालाची हातगाडीही चढते.

येथे एक शंका रास्त आहे. हे काम शासनाचे नाही काय? शासनाचेच आहे आणि ते चालूही आहे. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या बालकासाठी वर्षाला ३,५०० रुपयांचा निकष आहे. महिन्याचा हिशेब मांडला तर तो तीनशे रुपयांच्या आत येतो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांच्या नेमणुकांबाबत आदेश दिले. त्यानंतर केंद्राने प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यावरील वर्गांत पंधरांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण ठरवले. २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने विशेष शिक्षकांच्या ४,८६० पदांना मान्यता दिली, म्हणजे शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक. ही पावले मोठी आहेत. पण एका केंद्रात अनेक शाळा असतात. आज या शाळेत, उद्या त्या शाळेत फिरणारा विशेष शिक्षक मुलाला तासभर शिकवू शकतो. उरलेला आठवडा ते मूल वर्गशिक्षिकेच्याच हाती असते. त्या हातांना बळ कोण देणार, हा प्रश्न पदसंख्येने सुटत नाही.

इतर देशांनी हा धडा आधी गिरवला आहे. इटलीने १९७७ च्या कायद्याने विशेष वर्ग मोडीत काढण्यास आरंभ केला आणि साहाय्यक शिक्षकाला एका मुलाऐवजी संपूर्ण वर्गाशी जोडले. कॅनडाच्या न्यू ब्रुन्सविक प्रांताने १९८६ मध्ये समावेशनाचा कायदा केला. तेथे विशेष शिक्षणातील तज्ज्ञांना वर्गशिक्षकांचे सहकारी व सल्लागार अशी नवी भूमिका मिळाली. मूल वर्गाबाहेर काढून दुरुस्त करायचे नाही, वर्गच त्याला सामावेल असा घडवायचा, असे धोरण दोन्ही ठिकाणी होते.

व्यापारी समाजासाठी खरा प्रश्न येथून सुरू होतो. दान देणाऱ्याला दान दिसावेसे वाटते. यात गैर काही नाही. खुर्ची दिली की छायाचित्र निघते, खोली बांधली की पाटी लागते. १९७५ मध्ये जयपूरला स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीच्या कृत्रिम पायांनी अनेकांना उभे केले. त्या शिबिरांत जैन कुटुंबांनी मनापासून सेवा केली. पाय बसला, माणूस चालू लागला, डोळ्यांत पाणी आले. असे समाधान त्याच दिवशी पदरी पडते. कोचच्या मानधनाला असा एक दिवस नसतो. दर महिन्याच्या अखेरीस पैसे द्यायचे आणि बदल्यात मिळते काय? एका शिक्षिकेने फळ्यावरचे अक्षर मोठे काढले, एका मुलाने तीन गणिते पूर्ण केली, एक मूल सहावीत गेले आणि गळाले नाही. न घडलेल्या गळतीचे छायाचित्र काढता येत नाही.

तथापि व्यापाऱ्याइतके हे कोणाला समजेल? पेढीवर नवा मुनीम ठेवला, तर पहिल्या महिन्यात त्याच्याकडून नफ्याची अपेक्षा कोणी धरत नाही. जुना जाणकार त्याच्याजवळ बसतो, चुका निस्तरतो आणि वर्ष-दीड वर्षाने गल्ला निर्धास्तपणे त्याच्या हाती सोपवतो. शिक्षणातही माणसावर केलेला खर्च असाच उशिरा फळतो. समाजाला याचा अनुभव आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. २००९ मध्ये बीड जिल्ह्यातील ५०० प्राथमिक शाळांत मूल्यवर्धनाचा उपक्रम सुरू झाला. त्याचा भर शिक्षकांना घडवण्यावर आणि त्यांच्या सोबतीला प्रेरक देण्यावर होता. विषय वेगळा होता, पण इमारतीऐवजी माणसावर पैसा लावण्याची रीत तीच होती.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीलाही ही वाट मोकळी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ज्या कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, अथवा उलाढाल १,००० कोटी किंवा नक्त मूल्य ५०० कोटींपर्यंत पोहोचले आहे, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. विशेष शिक्षण हा शब्द त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीतच आहे. प्रशासकीय खर्चावर पाच टक्क्यांची मर्यादा असली, तरी प्रत्यक्ष प्रकल्पावर राबणाऱ्या माणसाचा खर्च त्या मर्यादेत धरला जात नाही. शिवाय चालू प्रकल्प आरंभीचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षे चालवता येतो. पिंपरी, भोसरी, चाकण येथे सुटे भाग पुरवणाऱ्या उद्योगांत जैन उद्योजक आहेत. त्यांच्या सनदी लेखापालाला या तरतुदी ठाऊक असतातच.

देणगी देताना सावधपणाही हवा. विशेष शिक्षणातील व्यक्तीची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ती पाहूनच नेमणूक व्हावी. एका कोचकडे मोजक्याच शाळा असाव्यात. किमान तीन वर्षांचा शब्द द्यावा, कारण पहिले वर्ष विश्वास मिळवण्यातच जाते. मुख्याध्यापकांची मनापासून संमती हवी. ती नसेल, तर कोचला गैरहजर शिक्षकाच्या तासाला उभे केले जाते किंवा ‘तसली मुले’ वेगळ्या खोलीत बसवून त्याच्या हवाली केली जातात. मग समावेशनाच्या नावाखाली शाळेतच दुसरी शाळा निर्माण होते. शासनाने भरायच्या विशेष शिक्षकाच्या जागेला हे दान पर्याय ठरू नये, हेही लेखी ठरलेले बरे. आणि चांगल्या कोचची कसोटी अशी की, काही वर्षांनी शाळेला त्याची गरज उरू नये.

एक गोष्ट मात्र पैशापलीकडची आहे आणि ती घराच्या उंबरठ्याच्या आतली आहे. संपन्न घरांतही असे मूल असते. कधी त्याला पाहुण्यांसमोर आणले जात नाही. थोरल्या बहिणीच्या सोयरिकीत अडचण येईल म्हणून तपासणी पुढे ढकलली जाते. शिकवणीवर शिकवणी लावली जाते, पण मुलाला नेमके काय अवघड जाते, हे कोणी विचारत नाही. महाराष्ट्रात १९९६ पासून अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती आहेत. जादा वेळ मिळतो, गरजेनुसार लेखनिक मिळतो. त्यासाठी वेळेत तपासणी झाली पाहिजे. पिंपरीत मोरवाडीला महापालिकेचे दिव्यांग भवन आहे. जानेवारी २०२५ मध्ये चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये ‘पर्पल जल्लोष’ हा दिव्यांगांचा महोत्सव भरला, तेव्हा कितीतरी कुटुंबे मुलांना घेऊन उघडपणे आली होती. थेरगावहून ही दोन्ही ठिकाणे दूर नाहीत. लांब वाटतो तो घरातून निघून तेथे जाण्याचा निर्णय.

जैन परंपरेने आहार, औषध, ज्ञान आणि अभय असे चार प्रकारचे दान सांगितले आहे. शेवटच्या बाकावरील मुलाला रोज भीती असते. नाव पुकारले जाईल, वाचायला सांगितले जाईल, वर्ग हसेल, ही ती भीती. ज्या वर्गात ही भीती उरत नाही, तेथे ज्ञानदान आणि अभयदान एकाच वेळी घडते. ते देणाऱ्याचे नाव मुलाला कळत नाही. गुप्तदानाची थोरवी मानणाऱ्या समाजाला याचे ओझे वाटू नये.

संध्याकाळी शाळा सुटते, तेव्हा डांगे चौकात पुन्हा कोंडी होते. दप्तरे पाठीवर टाकून मुले दुकानांसमोरून जातात. कोणी पेन्सिल घ्यायला थांबते, कोणी गोळ्यांच्या बरणीकडे पाहत राहते. त्यांतल्या कोणाला अक्षरे उलटी दिसतात आणि कोणाला कमी ऐकू येते, हे गल्ल्यावरून कळत नाही. दुकानदार सुटे पैसे मोजून हातावर ठेवतो, मूल ते दोनदा मोजते, मान हलवते आणि गर्दीतून घराकडे वळते. उद्या सकाळी ते पुन्हा त्याच वर्गात जाणार असते. त्या वर्गात शिक्षिकेच्या सोबतीला कोणी असेल की नाही, हे अशाच एखाद्या गल्ल्यावर ठरू शकते.